पाठकोऱ्या पत्रकांची कार्डं

मागच्या हिवाळ्यात मी दोन दिवस मामाकडे गेले होते. मामाचं गाव हिंगणघाट रोडवर, बोरगाव मेघेच्या आमच्या घरापासून एस.टी.नं पाऊण तास. पिशवीत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये एक सिनेमा. आम्ही लहान असताना टीव्हीवर एक जपानी कार्टून मालिका हिंदीतून लागायची. त्यातली पोरं कार्डांचा एक खेळ खेळत. कार्ड खाली ठेवलं की त्यावरचा राक्षस जिवंत होऊन समोर उभा राहायचा. त्याच मालिकेचा हा सिनेमा. मी दहा वर्षांची आणि मामेबहीण आठ वर्षांची असताना आम्ही तो मामाच्याच घरी पाहिला होता, आणि पुढचा सगळा उन्हाळा त्या खेळात घालवला होता.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. ती सांगायला मी गेले होते, असं म्हणून मी स्वतःला मोठेपणा देणार नाही. मी सिनेमा पाहायला गेले होते.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर जे जे लढत असतील त्यांचे लेखनिक. शेतमजुरांचं पत्रक, धरणात जमीन गेलेल्यांचं पत्रक, अंगात येणाऱ्या बुवाच्या विरोधातलं पत्रक. बाबा मजकूर लिहीत, छापून आणत, आणि घड्या घालायला मी बसे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पाटीवर मी लिहिलेला पहिला मोठा शब्द ‘बंधुभगिनींनो’ होता, आणि त्यातला एक अनुस्वार जास्त पडला म्हणून बाबांनी तो पुसून पुन्हा लिहायला लावला होता. घड्या घालता घालता मजकूर पाठ होई. पाहुण्यांसमोर इतर पोरी कविता म्हणत, मी ‘आमच्या मागण्या’ म्हणत असे, क्रमांकासकट.

उरलेली पत्रकं आमच्याकडे रद्दीत जात नसत. एका बाजूनं छापलेली, दुसऱ्या बाजूनं कोरी. अशा पाठकोऱ्या कागदांवर माझा गृहपाठ होई, आईची किराण्याची यादी होई, डब्यांच्या तळाशी तेच कागद अंथरलेले असत. त्यामुळे कार्डांचं वेड लागलं तेव्हा कागदाचा प्रश्नच आला नाही. विकतची कार्डं घेऊन द्यायला बाबांनी नकार दिला होता. ते रागावले नाहीत, मला समोर बसवून म्हणाले, “पाकिटात काय आहे ते दाखवत नाहीत आणि विकतात. ही विक्री नाही, हा लहान पोरांचा जुगार आहे.” मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आज शंभर टक्के पटतं. बंद पाकिटात नशीब भरून पोरांना विकणाऱ्या कंपन्यांवर मी आजही चार पानं लिहू शकते, आणि लिहिणार आहे. पण दहाव्या वर्षी मला फक्त कार्डं हवी होती. म्हणून मी उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे जाताना पाठकोऱ्यांचा एक अख्खा गठ्ठा घेऊन गेले. कात्री माझी, रंग माझे. साठेक कार्डं कापली, आणि कोऱ्या बाजूवर राक्षस काढले: आगीचा घोडा, तीन तोंडांचा साप, लोखंडी कासव. चित्रं बहुतेक सगळी मीच काढली, कारण बहिणीचा साप शेवग्याच्या शेंगेसारखा दिसायचा.

खेळाचे नियम आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आम्ही ते सिनेमावरून घेतले. सिनेमात प्रत्येक खेळाडू कार्ड खाली ठेवताना हात वर करून लांबलचक बोलतो. मैत्रीबद्दल, अन्यायाबद्दल, गेलेल्या वडिलांबद्दल. आता ज्या घरात पाहुणा चहाच्या आधी भाषण करतो, त्या घरातल्या मुलीनं याचा काय अर्थ लावावा? मी जाहीर केलं, की भाषण हा नियम आहे. भाषणाशिवाय ठेवलेलं कार्ड बाद. समोरच्याला भाषण पटलं नाही, तर तेही बाद. ज्याची कार्डं आधी संपतील तो हरला.

मामाच्या ओट्यावर रोज दुपारी ही सभा भरे. मी लोखंडी कासव ठेवताना कामाच्या आठ तासांवर बोलायची. बहीण तिचं कार्ड ठेवून म्हणायची, “हा घोडा आहे. याले राग आला.” संपलं भाषण. मी म्हणायची, “यात मुद्दा काय आहे?” ती विचार करून म्हणायची, “लय राग आला.”

तिच्याकडे एक खरं कार्डही होतं. मामा कामासाठी नागपूरला गेला होता, तिथून त्यानं आणलेलं. चांदीच्या पंखांचं घुबड, उन्हात धरलं की चमकायचं. मामीनं ते पाहताच हात जोडले, “घुबड घरात नोको, बापा!” तेव्हापासून ते कार्ड शेतातल्या मोटरच्या खोलीत, एका डबीत राहायचं. खेळायचं असलं की बहीण पळत जाऊन ते घेऊन यायची आणि खेळ संपला की पुन्हा ठेवून यायची. गावात तसं कार्ड दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

आता ती गोष्ट. खेळ सुरू होऊन आठवडा झाला असेल. बहीण कार्डं हातात पंख्यासारखी धरून बसली होती, छापलेली बाजू माझ्याकडे. मी सहज वाचलं: ‘हक्क आपण मागित’. कागद तिथंच कापलेला होता. मला आठवलं, या तुकड्यावर मी घोडा काढलाय. शेजारच्या कार्डावर होतं ‘जाहीर निषे’, त्यावर साप. कोणता राक्षस कोणत्या मागणीच्या पाठीवर काढला हे मलाच माहीत होतं, आणि मजकूर तर मला आधीपासूनच पाठ होता. तिच्या हातातली सगळी कार्डं मला दिसत होती. तिला माझ्या कार्डांच्या पाठीवर फक्त अक्षरं दिसत होती.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. उरलेला सगळा उन्हाळा मी तिच्या हातात काय आहे ते वाचून खेळले आणि एकही डाव हरले नाही. शेवटच्या दिवशी मीच म्हटलं, की आज जो हरेल त्यानं आपलं सगळ्यात चांगलं कार्ड द्यायचं. ती हरली. घुबड मला देताना ती रडली नाही, फक्त म्हणाली, “ऊन लागू नको देजो त्याले.” आणि मी, विजयाचं म्हणून, शोषणाविरुद्ध एक भाषण ठोकलं. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात. ते कार्ड पुढे आम्ही घर बदललं तेव्हा कुठेतरी हरवलं.

त्यानंतर मी कॉलेजात गेले, पत्रकं लिहू लागले. खुलासा करा, हिशेब मांडा, जाहीर माफी मागा, असं किती जणांना लिहिलं त्याची गणतीच नाही. त्या सगळ्या वर्षांत ते घुबड मला आठवत नव्हतं असं नाही.

तर, मागचा हिवाळा. मेथीचे दिवस. मामाची दोन एकरं भाजी आता बहीणच पाहते; लागवड, फवारणी आणि बाजारही. मी गेले तेव्हा ओट्यावर ताडपत्री अंथरून त्यावर मेथीचा ढीग होता. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या होत्या. मी लॅपटॉप काढला तसं ती म्हणाली, “तू मले भेटाले आली का कार्टून पाहाले?”

“दोन्ही.”

“मंग बस. पण हात रिकामे ठेवून सिनेमा नाई पाहू देत माय आमची.”

पालथ्या टोपल्यावर लॅपटॉप ठेवला, सुतळीचे तुकडे मध्ये घेतले, आणि दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही सिनेमा लावला. मामी आतून डोकावून म्हणाली, “अवो माय, एवढ्या मोठ्या घोड्या झाल्या अन् भुतं पाहून राह्यल्या!”

“भुतं नाई वं, राक्षस आहेत,” बहीण म्हणाली. “तू बी ये.”

“माया घरी दोन बसल्या आहेत, तेवढ्या पुरे.”

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात फाटकातून एक काकू आत आल्या. गावातल्या भाजी विकणाऱ्या बायकांचा एक गट आहे, त्यातल्या त्या सगळ्यात जुन्या. गटाला बाजारात सावलीसाठी शेड हवं होतं. उन्हात बसलं की दहा वाजेपर्यंत मेथी मान टाकते, आणि बायकांचंही काही वेगळं होत नाही. बाजाराच्या ऑफिसात जाऊन हे मांडायचं तर अध्यक्ष हवी, आणि सगळ्या बायकांनी बहिणीचं नाव घेतलं होतं.

“पोरी, आज संध्याकाळी नावं टाकाची आहेत,” काकू म्हणाल्या. “तुहं टाकू ना?”

“नाई वं काकू. मले नाई जमत ते.”

“मंग त्या बंगलेवालीचं टाकतीन. ते कधी बाजारात बसली का? तिले मेथी अन् शेपू सारखेच दिसतात.”

“मी जुड्या बांधून देतो, टेम्पो भरून देतो. बोलाचं काम मायं नाई.”

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू तरी सांग इले. तू तं लेखिका आहे,” आणि निघून गेल्या.

मी बहिणीला विचारलं, “काऊन नाई म्हणते?” मामाच्या ओट्यावर बसलं की माझी भाषा आपोआप तिकडची होते.

“तिथं ऑफिसात चार माणसं बसतात. त्याईले उलटून बोला लागते. मले आयत्या वेळी काई सुचत नाई. तुले माईत आहे ना, लहानपणी साध्या कार्डात बी म्या तुले एकदा नाई हरवलं.” ती हसत होती. जुडी बांधली, टोकं सारखी केली, बाजूला ठेवली. “डोकं लागते त्या कामाले. लाव, सिनेमा लाव.”

मी सिनेमा पुढे लावला. खरं सांगायचं तर तो मला आवडत होता, आणि मी त्याची लाज बाळगणार नाही. हिंदी आवाज तेच होते, खलनायकाचं हसू तेच. चित्रं आठवणीपेक्षा साधी निघाली, काही ठिकाणी तर नुसती पार्श्वभूमीच सरकत होती. पण कार्डातून राक्षस उभा राहताना जो निळा उजेड पडतो, त्यानं अंगावर तसाच काटा आला. बहीण सुतळी दातात धरून पाहत होती.

मग पहिली मोठी लढत आली. नायकानं कार्ड ठेवलं. राक्षस उठला, त्यानं हल्ला केला, समोरचा राक्षस कोसळला. आणि हे सगळं झाल्यावर नायकानं हात वर करून बोलायला सुरुवात केली. खलनायकानं पुढची दोन कार्डं एक शब्द न बोलता ठेवली, आणि ती चालली. बहिणीनं सुतळी तोंडातून काढली.

“थांबव. मागं घे.”

मी मागं घेतलं. आम्ही पुन्हा पाहिलं.

“ताई, हा तं बिना भाषणाचा खेळला.”

“हो.”

“म्हणजे भाषण नियमात नवतंच?”

“नवतं.”

ती जी हसली, ती मेथीच्या ढिगावर आडवीच झाली. मलाही हसू आवरेना. मामी पुन्हा बाहेर आली, काय झालं म्हणून. बहीण डोळे पुसत म्हणाली, “माय, इनं मले दोन महिने भाषणं कराले लावली! मी मोटरच्या खोलीत जाऊन पाठ करे. विहिरीसमोर उभी राहून, ‘बंधुभगिनींनो, हे कासव आहे.’”

मामी म्हणाली, “म्हणूनच त्या वर्षी मोटर जळाली.”

हसणं ओसरलं. बहिणीनं नवी जुडी हातात घेतली आणि सहज, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “मंग मी भाषणापायी नाई हरली. मले इतकी वर्षं वाटे, भाषण येत नवतं म्हणून हरत होती.” सुतळी ओढून म्हणाली, “म्हणजे खेळताच येत नवतं. बरोबर आहे.”

ती मला टोचत नव्हती. तिनं फक्त एक हिशेब लावला होता, आणि त्यातला एक आकडा माझ्याकडे लपवलेला होता. संध्याकाळी नावं टाकायची होती. मी सिनेमा चालूच राहू दिला.

“तुले खेळता येत होतं,” मी म्हटलं. “मी तुहे कार्डं चोरून पाहत होती.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. पाठकोरे कागद, पाठीवरची ओळ, पाठ असलेला मजकूर, कोणत्या ओळीमागं कोणता राक्षस. घुबडाची पाठ तर रंगीतच होती, ते तिच्या हातात आलं की आंधळ्यालाही कळलं असतं. शेवटच्या डावात मी ते घुबड घेतलं तेही पाहूनच. मी काहीच सजवलं नाही, लहान होते असंही म्हटलं नाही.

तिचे हात थांबले. ती उठली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, परत येऊन बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

“सगळे दिसत होते तुले?”

“सगळे.”

“पहिल्याच दिवसापासून?”

“पहिल्या हप्त्यानंतर.”

“अन् तू पत्रकं लिहिते. लोकाईले माफी मागाले लावते.” तिचा आवाज वाढला नव्हता, तेच वाईट होतं. “म्या ते घुबड तुले देल्लं, तवा माह्या बाबाले सांगतलं का हरवलं म्हणून. जिंकलेलं सांगाची लाज नसती वाटली, हरलेलं सांगाची वाटली. बाबानं मंग पुन्हा काईच नाई आणलं नागपूरहून, म्हणे तू वस्तू सांभाळत नाई.”

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “चूक माझी आहे. मामाला मी सांगते, आजच सांगते.”

“सांगजोच.”

मी एक जुडी बांधली, ती लगेच सुटली. मला वाटलं, ती आत निघून जाईल आणि मी चारच्या एस.टी.नं परत जाईन. पण तिचे डोळे अंगणात कुठेतरी लागले होते, आणि ओठ हलत होते. ती काहीतरी मोजत होती.

“ताई,” ती म्हणाली, “ते एक दिवस आठवते का तुले, आपून जेवाले बी नाई उठलो? मायनं पोळ्या ओट्यावरच आणून देल्ल्या?”

“आठवते.”

“त्या दिवशी तुह्याजवळ दोन कार्डं राह्यले होते. माह्याजवळ पाच.”

“हो.”

“अन् सापावाल्या दिवशी बी. तू एका कार्डानं जिंकली.”

“हो.”

“म्हणजे तुले माह्ये सगळे कार्डं दिसत होते, चित्रं तुहे, नियम तुहे, भाषण बाद कराचा हक्क बी तुहा. तरी मले हरवाले तुले अख्खी दुपार लागे?”

मला उत्तर द्यावं लागलं. “हो. मला घाम फुटायचा.”

“खरं?”

“तू कोणतं कार्ड आधी टाकशील हे कधीच कळायचं नाही. दिसायचं सगळं, पण तू काय करशील ते नाही दिसायचं. तू गप्प बसून खेळायची ना, म्हणून. मी भाषण वाढवायची ते विचार करायला वेळ मिळावा म्हणून.”

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. ते खरंच तसं होतं, आणि बोलेपर्यंत ते मलाही नीट माहीत नव्हतं.

बहिणीनं वर पाहिलं आणि आत ओरडून म्हणाली, “माय! ऐकलं का वं? हे चोर आहे, चोर!”

“कोण?” मामी आतून.

“तुही भाची!”

“मंग तिले चहा द्याचा का नाई?” मामीनं विचारलं.

“दे, पण साखर नोको टाकजो.”

मग तिनं कंबरेचा मोबाइल काढला. मी पाहत होते. तिनं नंबर लावला आणि अंगणात पाच पावलं चालून गेली, पण आवाज येत होता.

“काकू, मी बोलून राह्यली. नाव टाका मायं... हो, आताच... नाई, ताईनं नाई समजावलं. तिचं काय ऐकता, ते लबाड आहे... हो, टाका. पण मी एकटी नाई जाणार ऑफिसात, दोघी-तिघी सोबत पायजे. अन् मी जास्त बोलणार नाई, आधीच सांगतो. सुकलेली मेथी टेबलावर ठेवीन अन् बसून राहीन. मंग पाहू कोण आधी बोलते.”

पलीकडून काकू काय म्हणाल्या कळलं नाही, पण बहीण हसली, आणि फोन ठेवून परत ताडपत्रीवर येऊन बसली. माझ्या बांधलेल्या चार जुड्या उचलून पाहिल्या, चारही सोडल्या आणि माझ्यासमोर टाकल्या.

“या घट्ट बांध. बाजारात सुटल्या तं मायं नाव जाते.”

“बांधते.”

“अन् सिनेमा मागं घे.”

“किती मागं?”

“तू कबूल होऊन राह्यली होती तवापासून. माही सगळी लढाई हुकली.”

मी मागं घेतलं. लढत पुन्हा सुरू झाली. मामी बिनसाखरेचा चहा घेऊन आली, एक कप माझ्यासमोर ठेवला आणि या वेळी आत न जाता पायरीवर बसली. बहिणीनं तिला थोडी मेथी सरकवली आणि पडद्याकडे बोट दाखवून कोण कुणाशी का भांडतं आहे ते सांगायला लागली. न थांबता, चांगली दहा मिनिटं.